चार रंगांच्या कुकीज आणि बाईसाहेब

१ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. वाकून केला असं समज. कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात मानच तेवढी हलली.

फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं लावतेस. मागे मी नळ गळतोय म्हणालो, तर तू केस गळतायत असं ऐकून तेलाची बाटली पाठवलीस. हिने ती लावली. नळ अजून गळतोच आहे.

लग्नाला सहा महिने झाले. तेव्हा तुझा पाय प्लॅस्टरमध्ये होता, त्यामुळे तू अजून या दोघींना पाहिलेलं नाहीस. ही हॉस्पिटलात नर्स आहे हे तुला माहीत आहे. सध्या तिची संध्याकाळची पाळी असते. आणि लेक आठ वर्षांची. तिचे वडील ती पाळण्यात असतानाच वारले, तेव्हापासून या घरात दोघींचंच राज्य. त्यात आता मी, माझी कंबर आणि माझा कुलपांचा खोका. लेकीला मी मनात बाईसाहेब म्हणतो, कारण ती मला अहो म्हणते. अहो, जेवायला बोलावलंय. अहो, तुमचा टॉवेल पडलाय. उलट उत्तर नाही, हट्ट नाही, रुसवा नाही. कुणी म्हणेल मुलगी गुणाची. आहेच. पण घरी पाहुणा आल्यासारखी वागते, आणि तो पाहुणा मी आहे.

आता काम सांगतो. हिवाळ्याच्या सुट्टीआधी शाळेच्या शेवटच्या दिवशी वर्गात प्रत्येकानं घरी केलेला खाऊ न्यायचा आहे. बाईसाहेबांनी दुकानाच्या काचेआड त्या भेगाळलेल्या कुकीज पाहिल्या. वरून पांढरी साखर आणि भेगांतून रंग डोकावणारा. तशाच हव्यात, चार रंगांच्या. तिने आईकडे पाहिलं, आईने ड्युटीच्या कागदाकडे पाहिलं, आणि मी करतो असं माझ्या तोंडून निघून गेलं. रंग लाल, हिरवा, जांभळा, निळा.

घोडं कुठे पेंड खातंय ते तुला कळलंच असेल. लाल आणि हिरवा मला सारखेच मातकट दिसतात आणि जांभळा निळ्यातच जमा. लाल टोमॅटो आण म्हणून तू पाठवायचीस आणि मी पिशवीभर कच्चे आणायचो, ते आठव. किल्लीला दात असतात, रंग नसतो, म्हणून धंद्यात कधी अडलं नाही. हिला माहीत आहे. बाईसाहेबांना नाही, आणि कळायलाही नको.

तू बेकरीत आयुष्य काढलंस. भट्टीसमोर न जन्मलेल्या माणसाला समजेल असं सगळं लिही. लोभ आहेच, तो पाककृतीसकट पाठव.

तुझा
धाकटा


५ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. कान उपटायला तू हाताशी नाहीस, म्हणून आशीर्वादावर भागवते.

पाय बरा आहे. बेकरीत सुट्ट्यांची गर्दी सुरू झाली आहे आणि माझ्या नवीन पोरी क्रीम केकपेक्षा स्वतःलाच जास्त लावतात. तुझे दाजी बरे आहेत. गोड खाऊ नका असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज बेकरीत मदतीला येतात.

आता नीट वाच. लोणी मऊ झालेलं घे, वितळलेलं नको. त्यात साखर घालून हात भरून येईपर्यंत फेट. मग अंडी एकेक करून. मैदा, बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ आधी एकत्र चाळून घे आणि मग त्यात मिसळ. मिसळ म्हटलं की फक्त मिसळायचं, कुलूप उघडत नाही म्हणून हिसडतोस तसं नाही. पिठाचे चार भाग कर. रंग घट्ट आणायचे. पातळ रंगाने पीठ सैल होतं. मग गोळे कागदात गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. ही पायरी गाळलीस तर मला पत्र लिहू नकोस.

सकाळी लिंबापेक्षा लहान गोळ्या वळ. आधी साध्या साखरेत घोळव, मग पिठीसाखरेत, अगदी बर्फात लोळून आल्यासारख्या दिसेपर्यंत. ओव्हन आधी तापलेला हवा. कडा बसल्या आणि मधोमध अजून ओलसर वाटतंय अशा वेळी बाहेर काढ. कुकी बाहेर आल्यावरही थोडी शिजते. माणसांचंही तसंच असतं, पण ते राहू दे.

राहिला रंगांचा प्रश्न. बाटल्यांवर नावं असतात, वाचता तुला येतं. तरी माझं ऐकशील तर पोरीला सांगून टाक. सगळं येणारा माणूस आठ वर्षांच्या मुलीला घरात कशाला हवा? तसे तिच्या शाळेत विषयागणिक एकेक आहेत.

सुनेला, सॉरी, वहिनीला नमस्कार सांग. सुनेला असं लिहून गेले, कारण तुला मी कडेवर वागवलंय, आणि हात अजून तेच समजतो.

तुझी
ताई


१० डिसेंबर

ती. ताईस,
नमस्कार घ्यायच्या आधी रागावून घे. मी ती पायरी गाळली.

रंगीत तालीम म्हणून रविवारी एक घाणा करून पाहिला. रात्रभर कशाला, तासभर पुरे, असं मला वाटलं. तासभरही धीर निघाला नाही. ट्रेमध्ये मी सुटसुटीत गोळ्या ठेवल्या होत्या, बाहेर आली ती सबंध ट्रेभर एकच सतरंजी. पिठीसाखर कुठे गेली ते देव जाणे. बाईसाहेब अभ्यास सोडून दारात आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि अत्यंत आदरानं विचारलं की अहो, ही कात्रीने कापायची असते का. मग एक कोपरा तोडून खाल्ला आणि चव चांगली आहे म्हणाल्या. ही मुलगी पुढे मोठी डॉक्टर होईल. वाईट बातमी इतकी हळुवारपणे सांगणारं मी कुणी पाहिलं नाही.

तिला सांगायचं म्हणतेस. ताई, मागच्या आठवड्यात ती शाळेतून येताना माझ्या दुकानाशी थांबली होती. एका बाईंची बॅग किल्ली हरवून अडकून पडली होती, ती मी तारेनं उघडून दिली. बाईसाहेबांनी सगळं पाहिलं आणि छान असं म्हणून घरी गेल्या. त्या एका छानवर मी आठवडा काढला. आता तिच्यासमोर उभं राहून मला लाल-हिरवं कळत नाही म्हणू? मुलीला माझ्यात काही आवडत असेलच, तर एवढंच की मला काय येत नाही ते अजून सापडलेलं नाही.

शिवाय तोडगा निघाला आहे. बाटल्यांवरची नावं वाचून रंग घालीन आणि गुंडाळलेल्या प्रत्येक गोळ्याला दोऱ्याने एकेक जुनी किल्ली बांधीन. गोल डोक्याची म्हणजे लाल, चौकोनी म्हणजे हिरवा, लांब दांड्याची जांभळा आणि कपाटाची बुटकी किल्ली निळा. अंधारातसुद्धा बोटांना कळेल. आहे की नाही डोकं?

हिने तुझा नमस्कार पोचल्याचं सांगितलं आहे. सून म्हणालीस तरी चालेल म्हणते, फक्त सासुरवास पत्रानेच कर.

तुझा
धाकटा


१४ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. घाईत आहे, भट्टी तापली आहे.

पिठाला किल्ल्या बांधून ठेवणार हे वाचून तुझे दाजी इतके हसले की खुर्ची धरावी लागली. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी तुला ओळखते. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे खरं, पण तुझ्या मुठीत पीठ आहे, ते बोटांतून बाहेर येणारच.

असो. गोळे ओव्हनमध्ये जाईपर्यंत गार राहू देत. दार सारखं उघडून डोकावू नकोस. आणि काहीही बिघडलं तरी पोरीवर ओरडू नकोस. बाकी चुका साखरेखाली झाकल्या जातात.

माया आहे, ती काही फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही.

तुझी
ताई


२१ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. या वेळी खरोखर वाकलो. कंबर मोकळी झाली आहे.

सगळं क्रमानं सांगतो. परवा तू सांगितलंस तसं पीठ केलं, रंग घातले, किल्ल्या बांधल्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. काल शाळा दुपारची होती, म्हणून सकाळीच कामाला लागलो. ही रात्रीची जादा पाळी करून आली होती आणि गाढ झोपली होती. फ्रिज उघडतो तर चार गोळे आणि एकही किल्ली नाही. किल्ल्या भिंतीवर, खुंट्यांवर रांगेत. बाईसाहेबांना वाटलं, यांच्या किल्ल्या चुकून खाऊच्या दोऱ्यांत अडकल्या. त्यांनी सोडवून, धुऊन, पुसून जागेवर लावल्या होत्या. ओरडू नकोस असं तू लिहिलं होतंस. ओरडणार कुणावर? माझ्या वस्तूंची एवढी काळजी तिने पहिल्यांदाच घेतली होती.

कागद सोडले. दोन गोळे मातकट, दोन निळसर. वास घेतला. चाखून पाहिलं. लाल जरा जड असेल म्हणून दोन्ही तळहातांवर तोलूनही झालं. माणूस बुडायला लागला की काय काय धरतो! एवढ्यात ती दारात आली. मी मास्तरांसारखा आवाज काढून तिला विचारलं, सांग बरं, यातला हिरवा कोणता. ती म्हणाली की अहो, मी तिसरीत आहे.

पण तिथून हलली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मग पुढे येऊन एक गोळा उचलला आणि हा कोणता ते मला विचारलं. मी हिरवा म्हणालो. तिने दुसरा उचलला. मी तोही हिरवा म्हणालो. नळाचं गळणं ऐकू यायला लागलं. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, तुम्हाला बरं नाही का, आईला उठवू का.

ताई, तिचा चेहरा उतरला होता. माझ्यासाठी. मग काय लपवणार? खाली बसलो आणि सांगून टाकलं.

ती खोलीत पळाली. वाटलं, संपलं. तर रंगीत खडूंची पेटी घेऊन परत आली आणि माझी तोंडी परीक्षा सुरू झाली. हा कोणता? आणि हा? तपकिरीला मी हिरवा म्हणालो, तेव्हा ती गालात हसली. जांभळ्याला ठामपणे निळा म्हणालो, तेव्हा हसता हसता जमिनीवरच बसली. नंतर गंभीर होऊन विचारलं की याचं तुम्हाला वाईट वाटतं का. मी म्हणालो, फक्त टोमॅटो आणताना. यावर तिने बराच विचार केला आणि कुणी चिडवलं तर मला सांगा म्हणाली.

मग आम्ही वळायला बसलो. मी गोळ्या करायच्या, तिने साखरेत लोळवायच्या आणि रंगाप्रमाणे ओळी लावायच्या. हात बसला तशी मीही गोळ्या ठेवायला लागलो. एक उचलून हिरव्यांच्या ओळीत ठेवणार, तोच तिने माझं मनगट धरलं आणि ओरडली. अरे थांब, तो लाल आहे, काय करतोस तू!

अरे. करतोस. तू. तिच्या ते ध्यानातही आलं नाही, ती पिठीसाखर चाळत होती. मी काय केलं सांगू? पुढची गोळी मुद्दाम चुकीच्या ओळीत ठेवली, पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून. पुन्हा मिळालं. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातावर चापट मारली, तेव्हा पुरे केलं.

ओव्हनच्या काचेला नाक लावून दोघं बसलो. गोळ्या बसत गेल्या, साखर तडकली, आणि ती मला एकेक भेग वाचून दाखवत होती. कडेची लाल फुटली. मधली जांभळी अजून नाही. आता फुटली. मला सगळ्या भेगा काळपट दिसत होत्या, तरी इतकं रंगीत मी काही पाहिलं नव्हतं.

ही उठून आली तेव्हा आमची दोघांची डोकी पांढरी होती. कुणाला रागवावं ते तिला ठरवता येईना, म्हणून तिने एक कुकी उचलली. शाळेतून डबा चाटून पुसून रिकामा आला.

बाईसाहेब तुला स्वतंत्र पत्र लिहिणार आहेत. मला वाचायची परवानगी नाही. पाकीट डकवूनच पोस्टात टाकायला देणार आहेत.

तुझा, आणि आता इथलाही,
धाकटा


२३ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. याचा पूर्ण अर्थ मी आईला विचारला, तो मोठा आहे, म्हणून छोटाच लिहिला. तुला मी अजून पाहिलं नाही, पण अहो लिहिताना पुढचं सगळंच लांब होतं, म्हणून तू.

कुकीज सगळ्यांना आवडल्या. आमच्या बाईंनी दोन घेतल्या. वर्गातल्या एका मुलाने विचारलं की घरी कोण करतं, तर मी सांगितलं की आमच्याकडे एक जण वळतो आणि एक जण बघतं. वळणाऱ्याला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. सध्या अरे चालतं, लगेच वळून पाहतो.

मी त्याच्या सगळ्या कपड्यांच्या कॉलरला आतून चिठ्ठी शिवली आहे. लाल, हिरवा, तपकिरी असं. शिवण आईने शिकवली. म्हणजे त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.

फक्त एका शर्टाला शिवली नाही. तो त्याचा सगळ्यात आवडता आहे. तो म्हणतो, हा राखाडी आहे, साधा, पोक्त माणसाला शोभणारा. आत्या, तो गुलाबी आहे. एकदम गुलाबी. तोच घालून तो आईला मागणी घालायला आला होता. आई म्हणते, मी दार उघडलं आणि वाटलं, या वयात असा शर्ट घालून जो सगळ्या रस्त्यातून चालत आला, तो माणूस कशालाच भिणार नाही. त्याला रंग दिसत नाहीत हे तिला लग्न ठरल्यावर कळलं.

मी चिठ्ठी लिहिली होती. आईने वाचली आणि आम्ही दोघींनी ती फाडली. तूही सांगू नकोस. सुट्टीत ये, तो तुला घ्यायला स्टेशनवर तोच शर्ट घालून येणार आहे. लांबून ओळखू येईल.

तुझी
भाची