चार पदरी फडकं

मंगळवार, संध्याकाळ. डहाणू.

जमनामावशीच्या नातीच्या नमुन्यात कॉलराचाच जंतू वाढला. लॅबच्या रिपोर्टवर सही माझी. मुलगी सलाईनवर आहे, धोका टळला असं डॉक्टर म्हणाले. माझ्या डोक्यातून मात्र ते फडकं जात नाही.

गेल्या महिन्यात कैनाडच्या पाड्यावर पाणी तपासायला गेले, तेव्हा बायकांना मीच सांगितलं : जंतू एकमेकांना रसायनांतून निरोप देतात, थोडे असले की गप्प राहतात, गर्दी जमली की विष सोडतात. मावशी म्हणाली, "म्हणजे आमच्या नणंदाच! एकटी गरीब, चौघी जमल्या की आग." सगळ्या हसल्या. मीही पुढचं न सांगता तिथेच थांबले. कॉलराचे जंतू उलटे वागतात. थोडे असतानाच विष बनवतात, दाटी झाली की थांबवून आतड्याबाहेर पडतात. मला माहीत होतं. सोपं करण्याच्या नादात गाळलं.

मावशीनं मग पाणी उकळणंच सोडलं, हे मला आज कळलं. तिचा हिशेब असा : चार पदरी फडक्यातून गाळलं की जंतू थोडे उरतात, आणि थोडे म्हणजे गप्प. तर्क चोख होता. माझाच.

आज वॉर्डाबाहेर म्हणाली, "ताई, चूक माझीच गं. परवा घाईत फडकं तीनच पदरी धरलं."

"मावशी, यापुढे उकळूनच घ्या." एवढंच बोलले मी. दमले होते, पण ते कारण नव्हे.

उद्या पाड्यावर पाण्याचे नमुने घ्यायला जायच्या आधी तिला सांगायचं. चौथा पदर असता तरी ते पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नव्हतं, आणि उकळणं माझ्यामुळे थांबलं.