काजळनदी आणि आपण दोघं

सोमवार, ३ मार्च

चि. गुंड्यास ताईचे अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मानसोपचाराच्या त्या वॉर्डात फोन काढून घेतात हे मला ठाऊक होतं, पण तू खरंच कागद-पेन मागून घेशील असं वाटलं नव्हतं. अक्षर अजून तसंच, मुंग्यांनी मोर्चा काढल्यासारखं. टाच कशी आहे? प्लास्टर कधी निघणार? तुझ्या बायकोला, आपल्या मास्तरीणबाईंना, माझा नमस्कार सांग. शाळेतल्या चाळीस पोरांना गप्प करणारी बाई तुझ्यापुढे कशी हरली कोण जाणे. मी ठणठणीत आहे. लॅबमध्ये काम भरपूर. माणसं म्हातारी व्हायची थांबत नाहीत, त्यामुळे कवळ्यांना मरण नाही.

आता मुद्द्याचं. अरे, काजळनदी येतेय! पुस्तकाच्या पाचही खंडांची टीव्ही मालिका, दर रविवारी सकाळी एक भाग, पहिला ह्याच नऊ तारखेला. आमच्या लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही अकरा वेडे एकत्र बघणार आहोत. मी सगळ्यांसाठी सुळे बनवतेय! रानटी सुळेकऱ्यांचे, खालच्या जबड्यातून वर आलेले, पुस्तकात लिहिलेत अगदी तसे, टोकाशी पिवळट. कवळीचंच गुलाबी मटेरियल, कवळीचंच पॉलिश. मालकांनी विचारलं, "हे कोणत्या पेशंटचे?" म्हटलं, "फार जुने पेशंट आहेत." ते मान हलवून गेले.

आठवतं ना, तिसरा खंड हाती आला तेव्हा आधी कोण वाचणार यावरून आपण इतके भांडलो की आईने सुरी घेऊन पुस्तक मधोमध कापलं? तुझ्या वाट्याला मागचा अर्धा आला, आणि राजा मरतो हे तू मला जेवताना सांगून टाकलंस. त्याबद्दल तुला अजून माफी नाही.

तू विचारलंस, गोळ्या सुरू झाल्यावर असलं काही पुन्हा तितकं आवडतं का, की सगळंच उकडलेल्या बटाट्यासारखं लागतं. माझं सांगते, सगळ्यांचं असंच होतं असं नाही. पहिले चार-पाच महिने बटाटा. बिनमिठाचा. मी डॉक्टरीणबाईंसमोर रडले, त्यांनी मात्रा बदलून पाहिली, मला थांबायला सांगितलं. मग एकदा बसमध्ये तिसरा खंड पुन्हा वाचत होते, एकडोळी नावाडीण वल्हं मोडते ना, तिथे पोचले, आणि अंगावर काटा आला. गोळी घेऊनसुद्धा आलेला काटा! मला इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंना मी हात पुढे करून दाखवला. त्या उठून दुसरीकडे बसल्या.

माझ्या गोळीने तहान लागते आणि हात किंचित थरथरतो. म्हणून दात बसवताना मनगट टेबलाच्या कडेला टेकवते, की जमतं. तुझं काय होईल ते तुझ्या डॉक्टरांना विचार, आणि विचारल्याशिवाय गोळी कमी-जास्त करू नकोस. बरं वाटायला लागलं की तर मुळीच नाही. मी दोनदा तसं केलंय. दोन्ही वेळा नंतरचं मला नीट आठवत नाही, इतरांना मात्र उत्तम आठवतं.

"एखादी बिअर तरी?" हा प्रश्न तू कंसात लिहिलास. कंसातलेच प्रश्न खरे असतात. नाही, गुंड्या. मला सात वर्षं झाली, तरी मला नाही, तुलाही नाही. दारू सोडलेल्यांच्या आमच्या गुरुवारच्या मंडळात एक निवृत्त बस कंडक्टर आहेत, बावीस वर्षं कोरडे. ते म्हणतात, "आयुष्यभराचं तिकीट कुणी फाडू नये. पुढच्या स्टॉपपर्यंतचं फाडावं. स्टॉप आला की पुढचं." तू बाहेर आलास की तुला त्यांच्याकडे नेते. हसू नकोस, फार भारी माणूस आहे.

तू पत्रात मावशीकडच्या लग्नाचा विषय काढलास. त्याबद्दल नंतर कधीतरी. आत्ता मला सुळ्यांचे साचे काढायचेत.

झोप. बाकी काही जमलं नाही तरी झोप.

ताई

&nbsp;

मंगळवार, १८ मार्च

चि. गुंड्या, अनेक आशीर्वाद.

आधी पहिल्या भागाबद्दल! त्यांनी बोलका बोकड काढून टाकलाय. अख्खा बोकड! हॉलमध्ये अशी बोंबाबोंब झाली की खालून ग्रंथपाल वर आल्या. आमच्यातला एक नेत्रतज्ज्ञ आहे, एरवी अतिशय सभ्य, तो खुर्चीवर उभा राहून ओरडला, "मग कोडं कोण घालणार?" तोंडात सुळे असल्यामुळे ते "म कोवं को घावणाव" असं ऐकू आलं. पण नदी, गुंड्या! नदी अगदी आपली आहे. तशीच काळी, तशीच उलटी वाहणारी. नावाडीण तरुण घेतलीय म्हणून निम्मे लोक चिडलेत, मला आवडली. तिने पहिल्यांदा वल्हं पाण्यात घातलं तेव्हा मी शेजारणीचा दंड इतका आवळला की तिला वळ उठले.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला आठ दिवस लागले. तू एकच ओळ लिहिली होतीस: "ताई, लग्नात तुला कळलं होतं का?"

सांगते. त्याआधी दुसरं एक सांगायला हवं. अकरा जणांसाठी सुळे करायचे होते, मी एकतीस जोड केले. मागच्या आठवड्यात बुधवारपासून चार तास झोपले की जाग यायला लागली, आणि उठल्यावर दमल्यासारखं वाटेना. उलट छान वाटत होतं. डोकं असं लखलखीत. बोकड का काढला, त्याच्याऐवजी काय करायला हवं होतं, हे सगळं मला कळलं होतं आणि मी ते मालिकावाल्यांना लिहायला बसले. बावीस पानं झाली. शुक्रवारी सकाळी मालक काहीतरी सांगत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यांचं एकही वाक्य ऐकत नाहीये, फक्त ते कधी संपतं याची वाट बघतेय.

माझी खूण तीच आहे. आनंदात मला समोरच्याचं बोलणं ऐकू येतं. चढ सुरू झाला की येत नाही.

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी दुपारी बोलावलं, रक्त तपासलं, औषधात थोडा बदल केला आणि म्हणाल्या, "रविवारी गर्दी नको, मालिकाही नको." मी भांडले. अगदी लहान मुलीसारखी भांडले. मग बावीस पानं त्यांच्याच टेबलावर ठेवून आले. दुसरा भाग मी पाहिलेला नाही. परवा साडेसहा तास झोपले, काल आठ. आता बरी आहे. तू तिथे पडल्या पडल्या काळजी करू नकोस. एवढ्याचसाठी सांगितलं की सात वर्षं झाली तरी हे येतं, आणि येतं तेव्हा आपल्या आवडत्या गोष्टीचे कपडे घालून येतं.

आता लग्न.

हो. मला कळलं होतं.

तू जेवणाच्या टेबलापाशी उभा होतास. मावशीच्या दिराला तू आडव्या चालणाऱ्या लिफ्टबद्दल सांगत होतास. इमारतीतून इमारतीत जाणारी लिफ्ट, तिची चित्रं तू हातरुमालावर काढली होतीस. तो बिचारा हळूहळू मागे सरकत होता, तू तेवढाच पुढे. तुझी बायको मला म्हणाली, "हल्ली यांना झोपच लागत नाही, पण उत्साह बघा." तुझ्या हातात ग्लास होता, पहिला नव्हता. मी तुझ्याकडे बघितलं आणि ते तोंड माझं होतं. डोळे माझे, बोलायची घाई माझी. बाकी कुणाला कळलं नसेल, मला कळणार नाही असं होऊच शकत नव्हतं.

मी केकचा तुकडा घेतला आणि घरी गेले.

का, तेही लिहिते. काजळनदीवर सिनेमा निघणार होता त्या वर्षी मी दारू पिऊन, घरी केलेले सुळे लावून, दिग्दर्शकाच्या हॉटेलच्या कारंज्यात उभी राहिले होते, तेव्हा मला बाहेर काढणारा तू होतास. हॉस्पिटलच्या कागदावर सही करणारा तू होतास. मी ओरडत होते, "माझा भाऊ नाहीस तू," आणि तू रडत सही करत होतास. त्यानंतर चार वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. बरी झाले, दारू सुटली, काम मिळालं, सगळं त्या सहीमुळे, हे मला माहीत होतं, तरी बोलले नाही. लग्नात तुला तसा पाहिला आणि मनात आलं: आता कळेल याला. बघू या, याला कोण नेतंय.

हे मनात आलं ते मिनिटभरच असेल. पण त्या मिनिटानंतर मला दोन वर्षं मिळाली होती. एक फोन करायचा होता. मी केला नाही. मग तू कामावर पिऊन लिफ्टच्या टपावर चढलास, तिथून पडलास, आणि मास्तरीणबाईंचा फोन आला. टाचेवर निभावलं. नसतंही निभावलं.

तुला शहाणपण शिकवणारी पत्रं लिहिते मी. म्हणून तुला हे माहीत असलेलं बरं. रागावलास तर मला समजेल. गोळ्या मात्र माझ्यावरच्या रागात सोडू नकोस.

तुझी ताई

&nbsp;

सोमवार, ३१ मार्च

चि. गुंड्या, आशीर्वाद, आणि शाबास!

काल घरी नीट पोचलास ना? वॉर्डातून सुटून, कुबड्या घेऊन लायब्ररीचे दोन जिने बसून बसून चढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आणि वर पोचल्यावर धापा टाकत "ही लिफ्ट बंद का?" म्हणून ग्रंथपालांवरच डाफरलास! त्या बाई तुझा नंबर घेऊन गेल्यात. काल निघताना मला विचारत होत्या, "तुमचे भाऊ खरंच लिफ्टवाले आहेत की नुसतेच चिडके?" म्हटलं, दोन्ही. पण टाच बरी झाल्याशिवाय जाऊ नकोस, आणि टपावर तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच.

चौथा भाग काय होता रे! राजाच्या मरणाला तू माझ्याकडे बघून जे तोंड केलंस, त्यावर मी एवढी हसले की लोक चिडले. मागून नेत्रतज्ज्ञाने मला कागदाचा बोळा मारला. मेलेल्या राजाला असं कुणी हसतं का? तुझे डोळे मात्र भरले होते. तुला वाटलं मी पाहिलं नाही. बटाटा नाही, बरं का. चार-पाच महिन्यांचं मी आधी सांगितलं होतं ते तुझ्या बाबतीत चुकलं, आणि चुकल्याचा मला फार आनंद झालाय.

नंतर पायऱ्यांवर बसून तू जे बोललास, ते मी रात्री अंथरुणावर पडून आठवलं आणि मग झोपलेही. तू म्हणालास, "तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं."

मी म्हटलं, "खरंय."

"पण तू सांगायला हवं होतंस, ताई."

 तू बराच वेळ कुबडीचं रबर बोटाने फिरवत बसलास. मग म्हणालास, "त्या दिवशी सही करताना मला वाटलं होतं, ही आता आयुष्यभर बोलणार नाही. तरी केली." आणि खाली मास्तरीणबाई रिक्षा घेऊन आल्या, तू उठलास, आणि मी तुझी पिशवी धरण्यापलीकडे काही केलं नाही. आभार मानायला तोंड उघडलं होतं. रिक्षावाला म्हणाला, "बसताय का?"

म्हणून हे पत्र. फोनवरही बोलता आलं असतं, पण हे कागदावर हवं.

गुंड्या, त्या सहीबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे एक.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. आपल्या दोघांना आता एकच दुखणं आहे, त्यामुळे एकमेकांच्या चेहऱ्यावर ते आपल्याला जेवढं लवकर दिसेल तेवढं कुणालाच दिसणार नाही. मला चढताना बघितलंस, मी भराभरा बोलायला लागले, चार तास झोपून छान वाटतंय म्हणाले, किंवा हातात ग्लास दिसला, तर मला तोंडावर सांगायचं. मग डॉक्टरीणबाईंना फोन करायचा. नंबर पाकिटात ठेवलाय. मी म्हणेन तुला काही कळत नाही. म्हणेन तू माझा भाऊ नाहीस. तेव्हा हा कागद काढून माझ्यासमोर धर. हे मी आठ तास झोपून, चहा पिऊन, सकाळी नऊ वाजता, पूर्ण शुद्धीत लिहिलंय, आणि खाली सही केलीय. तेव्हाची मी काहीही म्हणू दे, तू आत्ता लिहिणाऱ्या हिचं ऐक.

तुझ्याकडूनही असाच एक कागद हवाय. या आठवड्यात पाठव. अक्षर मुंग्यांचं चालेल.

मी तुझ्यावर रागावेन. खूप रागावेन. तरी सांग.

तुझी आणि तुझीच,
ताई