हे घर हॅस्केलच्या हाती जाऊ नये

मी, ड्रुसिला मेबन, रेल्वेच्या शयनडब्यातले पोर्टर कै. एलायजा मेबन यांची विधवा, राहणार कॉटर्स बेंड, मिसूरी, देवाला स्मरून हे मृत्युपत्र लिहिते. माझे गुडघे गेले आहेत, डोके नाही. कुणाच्या धाकाने लिहीत नाही; धाक घालणारा मात्र समोरच्या रस्त्यावर गाडीत बसला आहे.

एक. राहते घर, वरच्या पाहुण्यांच्या चार खोल्यांसकट, माझी भाची व्हर्नेल हिला. अट एकच. इथून पश्चिमेच्या तीन गावांत आपल्या काळ्या माणसाने सूर्य बुडाल्यावर थांबायचे नाही, अशी पाटी आहे. तिथून हाकललेला कुणीही दारात आला, तर आधी पाणी द्यावे, मग "तुमची माणसं कुठली?" विचारावे. त्याला माणसे नसली तरी खोली द्यावी. घर लाकूड गिरणीवाल्या गोऱ्या हॅस्केलला विकू नये. त्याला गावात असले पाहुणे नकोत, म्हणून घर हवे आहे.

दोन. माझा भाचा लेमुएल शिकागोहून तयार खरेदीखत घेऊन आला आहे, हॅस्केलच्याच गाडीतून. म्हणतो, "मावशी, कायदे बदलतायत. उद्या सगळी हॉटेलं आपल्याला उघडी होतील. तुझं घर कोण विचारणार?"

मी म्हटले, "होतील तेव्हा होतील, बाळा. आज संध्याकाळी माणसानं टेकायचं कुठं?"

त्याला एलायजाचे घड्याळ. पोरगा वाईट नाही, घाईत आहे.

तीन. बुटांची रिकामी खोकी फेकू नयेत. निघणाऱ्या प्रत्येकाला खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी आणि पाव बांधून द्यावा. पुढे वाटेत आपल्याला कुणी वाढत नाही.

चार. डीकन लबक यांना माझी मोडकी झुलती खुर्ची. माझ्या घरी गाणेबजावणे करणारे उतरतात म्हणून त्यांनी चर्चमध्ये मला नावे ठेवली होती. आता त्यांनी बसून लोकांवर नजर ठेवावी. पियानो मात्र चर्चलाच.

पाच. मागच्या मृत्युपत्रावर मी आमच्या पाद्रीबुवांची सही घेतली आणि त्यांनाच टेबल-खुर्च्या दिल्या. वकील प्रॉक्टर हसले. "मेबनबाई, जो साक्षीदार, त्याच्या हाती काही लागत नाही. ज्याला काही द्यायचं नाही असा माणूस आणा." झाली पंचाईत! ज्यांच्यावर जीव, ते सगळे या कागदात. उरलेले हॅस्केलच्या पगारावर. सही केली की चूल बंद. दोन घरी निरोप पाठवला. दोन्हीकडून "अंगात ताप आहे" असे आले. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीला एकदम ताप!

एक साक्षीदार मिळाला, कालचा पाहुणा थॅडियस बोल्डन, कोरियातून परतलेला शिपाई. दोन साक्षीदारांनी एकाच वेळी माझ्यासमोर सही करायची, म्हणून तो खोके मांडीवर घेऊन खोळंबला आहे. ऊन कलायच्या आत त्याला ती तीन गावे ओलांडायची आहेत. मी म्हटले, "जा बाबा." तो म्हणाला, "आजी, मला गाडी जोरात हाकता येते."

सहा. शिलाई मशीन शेजारीण ओझेला टिग्ज हिला.

हे कलम खोडले आहे. कारण लिहिते. ओझेला आत्ता मागच्या दाराने आली, हात पिठाचे.

"माझं नाव काढ त्यातून."

"अगं, तुझीच नजर होती ना मशीनवर?"

"होती. काढ म्हणते ना! आणि पेन दे."

"ओझेला, हॅस्केल गाडीतून बघतोय."

"बघू दे की. त्याच्या बिस्किटांना आज मीठ कमी पडलंय, तेही बघेल."

मशीन व्हर्नेलला.

वरील सर्व मी वाचून दाखवले. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. बोल्डन निघाला.

ड्रुसिला मेबन (सही)

साक्षीदार:
१. थॅडियस बोल्डन. पत्ता: बहिणीकडे, लॉस एंजेलिस, अजून पोहोचायचा आहे.
२. ओझेला टिग्ज. पत्ता: शेजारचे घर. काम: हॅस्केल यांच्याकडे स्वयंपाकीण, आज दुपारपर्यंत.

कॉटर्स बेंड, ९ ऑगस्ट १९५५