आमची चूल

९ डिसेंबर
मीरा काल नांदेडहून आली. माझी नणंद, पण आधी भूगोलाची प्राध्यापक. सुट्टीतही लॅपटॉप उघडाच. "वहिनी, हे बघ तुझं गाव." उपग्रहाने टिपलेलं जमिनीचं तापमान. सगळं गार, निळं. कडेला एकच लाल चौकोन. कचरा डेपो! इतक्या उंचावरून उपग्रहाला मातीचा ताप कळतो. मला लेकीच्या कपाळाला हात लावूनही नीट कळत नाही.

१० डिसेंबर
चौकोन डोळ्यांपुढून हलत नाही. मीरा म्हणते, जुन्या चित्रांतही आहे, गडद होत चाललाय. धूर नाही, जाळ नाही. आतल्या आत जळतंय. वरचा थर पोकळ झाला तर माणूस सरळ खाली...
शेवंताबाई आठवल्या. आपल्या गल्लीतला कचरा नेतात, मग तिथेच निवडत बसतात.

११ डिसेंबर
घंटागाडी आली तेव्हा शेवंताबाईंना चित्र दाखवलं.
"अगं बया! ही तर आमची चूल."
भाकरीची फडकी तिथल्या मातीवर ठेवतात म्हणे. जेवताना काढली की तव्यावरून उतरवल्यासारखी. थंडीत सगळ्या बाया तिथेच बसतात. लई ऊब.
"आम्ही दिसतो का यात?"
माणसं नाही दिसत म्हटलं, ऊब तेवढी दिसते.
"मग हात करून फायदा न्हाई."
खाली आग आहे म्हटल्यावर मात्र हसू गेलं. "ताई, गेट बंद न्हाई ना करणार? पोट हाय आमचं त्याच्यावर."

१३ डिसेंबर
मीराने नगरपालिकेत कळवलं. पुढच्या आठवड्यात उकरून माती टाकणार. गेट चालू राहील. शेवंताबाईंनी शब्द दिला, बाया आता लिंबाखाली बसतील.

१७ डिसेंबर
आज उपग्रह पुन्हा वरून जाणार. राहवेना, डेपोवर गेले. बाया खरंच लिंबाखाली. "आत्ता जाईल," म्हटलं, तर सगळ्या वर बघू लागल्या. नुसतं रिकामं आभाळ. आणि तरी तिथून कुणीतरी आपल्या मातीला हात लावून बघत होतं. शेवंताबाईंनी हात केलाच.
मग लुगडं झटकून उठल्या. "चला, भाकरी आणते."
"कुठून?"
त्यांनी ढिगाकडे बोट केलं. "बसू नका म्हणालात, ताई. ठेवू नका कुठं म्हणालात?"
मी थांबा म्हणेपर्यंत त्या अर्धा ढीग चढून गेल्या होत्या.