लताला न सांगितलेली तारीख

सोम., २७ जाने.
पट २६, हजर २२. पर्यवेक्षिका मॅडम न सांगता टपकल्या. नशीब, अंगण झाडलेलं होतं. ईश्वरी प्रार्थनेला पोरांच्या ओळीत बसलेली बघून त्या दारातच थांबल्या. साडेचार वर्षांची पोर, अजून बोलत नाही, आवाज वाढला की कान दाबून पळत सुटते. दिवाळीपर्यंत अंगणवाडीत दहा मिनिटं टिकत नव्हती. मॅडमनी विचारलं, "हे कसं जमवलंत?" आणि मोबाईल काढून शूटिंगच सुरू केलं.
मी सांगितलं. आल्याबरोबर तिला भांड्यांच्या खोलीत नेते. कोरड्या मटकीच्या डब्यात दोन्ही हात घालू देते. तिचे तिने हात बाहेर काढले की मगच ओळीत आणते. हाताला धरून ओढत नाही.
सगळं खरं आहे. फक्त हे सगळं लता करते, आमची मदतनीस. मी त्या वेळी मोबाईलवर हजेरी भरत असते.
"मी नेते, मी बसवते." चारदा तरी म्हणाले असेन. लता चहाचे कप घेऊन मागे उभी होती. कप ठेवले आणि खिचडी बघायला गेली.

गुरु., ३० जाने.
व्हिडिओ जिल्ह्याच्या ग्रुपवर गेला. दिवसभर अंगठे आणि फुलं. आता ११ फेब्रु.ला दौंडला शिरूर-दौंड दोन्ही तालुक्यांच्या सेविकांचं प्रशिक्षण आहे. विषय, वेगळ्या गरजा असलेली मुलं. मी अर्धा तास बोलायचं. घरी हे म्हणाले, "आता आमच्या घरात पुढारी निघाल्या." हसले मी पण.
लताने तिच्या मोबाईलवर बघितला. "चांगला आलाय बाई. पदर तेवढा सरळ पायजे हुता."
यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

शुक्र., ३१ जाने.
सेविकांच्या ग्रुपवर मेसेज. आमच्याच गावच्या वरच्या वस्तीवरची अंगणवाडी, तिथल्या सेविका निवृत्त झाल्या, ती जागा भरायची आहे. गावातल्या मदतनीसला पहिला मान, बारावी पास हवी, सोबत सध्याच्या सेविकेच्या सहीचा अनुभव दाखला. शेवटची तारीख ७ फेब्रु. 'सर्व सेविकांनी आपापल्या मदतनीसला कळवावे.' मदतनीस बाया त्या ग्रुपात नाहीत.
लता बारावी पास आहे. लग्नानंतर १७ नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून, आधी दहावी, मग बारावी. खिचडी शिजेपर्यंत ओट्याशी पुस्तक उघडून बसायची. मी आपली दहावीवरची, जुन्या काळातली. गावात दुसरी कुठली मदतनीस बारावी नाही. म्हणजे जागा तिचीच.
ती नळावर सतरंज्या धूत होती. दोनदा दारापर्यंत गेले. उद्या सांगू म्हटलं.

सोम., ३ फेब्रु.
नाही सांगितलं. शनिवारीही नाही, आजही नाही.
ईश्वरीचे आबा तिला सोडायला आले होते. त्यांची सून, म्हणजे पोरीची आई, झेंडू तोडायला जाते, तेव्हा ने-आण आबांकडेच. उंबऱ्याशी टेकून म्हणाले, "लताबाई हायेत म्हून ही टिकली बघा. घरी आमी समदी तिला धरून बसवायचो, आन् ती चावायची. तुमी दोघी हाय तवर मला घोर न्हाई."
हे वाक्य मी दिवसभर घोळवलं. लता गेली तर ईश्वरीचं कसं होणार! किती सोयीचा विचार. पोरीला पुढे करायचं आणि आपण मागे लपायचं.

मंगळ., ४ फेब्रु.
लता रजेवर. बहिणीचा साखरपुडा, केडगावला. सगळं माझ्या एकटीवर.
ईश्वरीला डब्यापाशी नेलं. दोन मिनिटं झाली, चार झाली, हात काढेना. बाहेर एकवीस पोरांचा गोंधळ. मी मनगट धरून ओढलं. ती किंचाळली आणि रस्त्याकडे पळाली. उसाचा ट्रॅक्टर येत होता, बराच लांब होता, पण येत होता. पकडून आणली आणि दाराला आतून कडी घातली. ती दारावर डोकं आपटत राहिली. कपाळाला टेंगूळ आलं. खोबरेल लावलं. आबांना सांगितलं, खेळताना पडली.
खोटं बोलायची सवय इतक्या लवकर लागते हे माहीत नव्हतं. या वयात नवीन काही शिकता येत नाही असं कोण म्हणतं!

शुक्र., ७ फेब्रु.
शेवटची तारीख. दोनला पोरं गेली. लता भांडी घासत होती आणि मी समोर बसून आहाराचा तक्ता लिहीत होते. तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं. तासाभराची एसटी, अर्ज घेणारं तालुक्याचं ऑफिस सहापर्यंत. तीन वाजले. साडेतीन. ती म्हणाली, "निगते बाई." मी म्हणाले, "नीघ."
 घरी जाऊन पोटभर जेवले.

शनि., ८ फेब्रु.
आज लतानेच विषय काढला. झाडता झाडता, माझ्याकडे न बघता.
"वरच्या वस्तीची जागा निगाली हुती म्हनं. काल तारीख गेली."
मी हजेरीचा तक्ता पुढे ओढला.
"तुमाला बी कळलं नसंल."
तिने दार उघडून दिलं आणि मी त्यातून पळाले. "नाही गं. कुठं काय कळतं आपल्याला! ग्रुपवर शंभर मेसेज येतात."
"व्हय," म्हणाली आणि केर भरला.
सात वर्षं माझ्या हाताखाली आहे. बाळंतपणाची रजा सोडली तर तिने सांगितल्याशिवाय कधी खाडा केला नाही. लाज वाटते हे लिहायलाही लाज वाटते, कारण वाटून काय उपयोग, तोंड उघडलं नाहीच.

मंगळ., ११ फेब्रु.
दौंड. सकाळी न्हावऱ्यापर्यंत जीप, पुढे केडगावपर्यंत वडापची शेअर गाडी, तिथून डेमू रेल्वे. रेल्वे कॉलनीजवळचा हॉल, दोन्ही तालुक्यांच्या बायांनी भरलेला. मला फूल दिलं. मॅडमनी ओळख करून दिली, 'अनुभवातून शिकलेली आपली सेविका'. मी बोलले. खरंच चांगलं बोलले, तेच तर वाईट.
मग दौंडच्याच एक सेविका उठल्या. वयस्क, जाड भिंगाचा चष्मा. "बाई, माझ्याकडे असाच एक मुलगा आहे. त्याने डब्यातून हात काढलेच नाहीत तर? किती वेळ थांबायचं? तुम्ही काय करता?"
मी काय करते? मनगट धरून ओढते. कडी घालते.
"पाणी पिऊन येते," म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन लताला फोन लावला. मागे पोरांचा कालवा ऐकू येत होता, आज सगळं तिच्या एकटीवर. मी विचारलं. तिने लगेच सांगितलं. "थांबायचं. पर नुस्तं उभं न्हाई राहायचं. तिच्या बाजूला बसून आपून बी डब्यात हात घालायचा. बोलायचं न्हाई, बगायचं बी न्हाई तिच्याकडं. मग आपला हात हळूच बाहेर काढायचा. ती बी काढती. कवा पाच मिंटं लागत्यात, कवा वीस."
"बरं."
"तिथं कुनी इचारलं व्हय?"
"हो."
"सांगा मग. त्या पोराचं भलं व्हईल."
आत जाऊन शब्दन् शब्द सांगितला. 'मी' लावून. त्या सेविकेने वहीत लिहून घेतलं आणि जाताना माझे हात हातात घेतले. डेमूत खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारची विचारत होती, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, ऊन लागलं.

गुरु., १३ फेब्रु.
ग्रुपवर मेसेज. अर्ज कमी आल्यामुळे मुदत १८ फेब्रु.पर्यंत वाढवली.
वाचला आणि पहिला विचार काय आला, तो इथे लिहिते, निदान इथे तरी. पहिला विचार आला, कशाला वाढवली!

शुक्र., १४ फेब्रु.
हजर २४. दिवसभर लता समोर. आता सांगायचं तर मागचंही सांगावं लागेल. निम्मं सांगून भागणार नाही. जीभ रेटली नाही. घरी यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "रविवारी जाऊन ये तिच्याकडं."

रवि., १६ फेब्रु.
गेले. लताचं घर विहाराच्या मागे, दोन खोल्या, समोर तुळस नाही, कढीपत्ता. माझ्या घरापासून चालत सात-आठ मिनिटं. सात वर्षांत पहिल्यांदा गेले. ती आमच्याकडे हळदीकुंकवाला, पापड लाटायला, सासूबाई पडल्या तेव्हा, किती वेळा आली असेल. मी एकदाही नाही. कुणी अडवलं नव्हतं.
तिचा नवरा रांजणगावला कंपनीत, शिफ्टला गेलेला. मुलगी अभ्यास करत होती, तिला लताने बाहेर पाठवलं. चहा ठेवला. कप हातात देईपर्यंत मी रात्री लिहून ठेवलेला अनुभव दाखला पिशवीतून काढला नव्हता. काढला, पुढे ठेवला. सगळं सांगितलं. मुदत १८ पर्यंत वाढलीय, पण पहिला मेसेज ३१ लाच आला होता, मुद्दाम सांगितलं नाही, तू विचारलंस तेव्हाही खोटं बोलले, तू गेलीस तर माझं कसं होईल म्हणून. ईश्वरीचं नाव मध्ये आणलं नाही. ईश्वरीला ओढल्याचं, टेंगळाचं मात्र सांगितलं.
ती चुलीकडे बघत होती. गॅसच तो, बंद केलेला.
"ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक तारखेलाच कागद लागला हुता, बाई. पोरीनं वाचून दाखवला मला."
मी हातातला कप खाली ठेवला. "मग त्या शनिवारी तू मला…"
"तुमी तवा तरी सांगाल वाटलं."
"आणि तारखेच्या आत का नाही मागितलास दाखला? मी नाही म्हटलं असतं का?"
"न्हाई म्हटलं नसतं. माहितीय." गाळणी धुऊन ठेवली. "मागून घ्यायचा न्हवता. सात वर्सं मी काय केलं ते तुमाला दिसलंय का न्हाई, तेवढंच बगायचं हुतं."
दाखला तिने घेतला, वाचला. त्यात मी लिहिलंय की ईश्वरीला बसवायची रीत लताची आहे, माझी नाही. वाचून घडी घातली. अर्ज भरणार का, ते बोलली नाही. "चहा निवला तुमचा," म्हणाली. तो मी प्यायले. गार होता.

सोम., १७ फेब्रु.
मॅडमना फोन केला. व्हिडिओतलं, दौंडचं, सगळं लताचं आहे म्हणून सांगितलं. मॅडम हसल्या. "अहो, टीमवर्क असतं ते. एवढं काय मनाला लावून घेता!" फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं याचा राग आला. चूक कबूल केली, आणि ती कुणाला चूकच वाटली नाही, तरी मी सुटले कशी म्हणते? तारखेचं मॅडमना सांगितलं नाही. तेवढी हिंमत संपली.
लता वेळेवर आली. कामात तसूभरही कमी नाही. फक्त बोलली नाही.

मंगळ., १८ फेब्रु.
पट २६, हजर २३. आज अर्जाचा शेवटचा दिवस.
दहाला आबा ईश्वरीला घेऊन आले. मी सवयीने मोबाईल काढला, हजेरी भरायला. लताने तो माझ्या हातातून घेतला. सात वर्षांत असं कधी केलं नव्हतं.
"हजेरी मी भरते. तुमी हिला घेऊन आत जावा."
"मी? अगं, माझ्याकडून नाही होत."
"दौंडात एवढ्या बायांना सांगितलंत की. तसंच करा."
आवाजात राग नव्हता. शोधला मी.
आत गेले. डब्याशी फरशीवर बसले, गुडघे दुखतात तरी. ईश्वरीने हात घातले. मीही घातले. तिच्याकडे बघितलं नाही. बाहेर लता प्रार्थना घेत होती, पहिल्यांदाच, आणि चांगली घेत होती. मी हात बाहेर काढला. ईश्वरीने नाही काढला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. प्रार्थना संपली, बडबडगीत संपलं. ती एकदा माझ्याकडे बघून परत डब्यात बघायला लागली. आज ती ओळीत आलीच नाही. पण पळालीही नाही.
दोनला लता निघाली. एरवी भांडी पालथी घालून मगच जाते, आज मला म्हणाली, "तेवढी तुमी घाला." हातात पिशवी होती. घरी चालली होती की स्टँडवर, दारातून दिसलं नाही. मी विचारलंही नाही. विचारायचा हक्क मला राहिला आहे का, तेच कळत नव्हतं.
भांडी पालथी घालून झाली. साडेपाच होत आलेत. ऑफिस सहाला बंद होतं. उद्या शिवजयंतीची सुट्टी. परवा लता कामावर येईल, तेव्हा तिच्या पिशवीत अर्जाची पोच असेल का?