ताईच्या मांडवासाठी आलेले लाकूड

प्रिय मेहुण्यास,

'प्रिय' हा शब्द मी शिरस्ता म्हणून लिहिला आहे. त्यातून भलता अर्थ काढू नकोस. तू पाठवलेला टेम्पो मंगळवारी सकाळी आला. चार खांब, दोन तुळया, नऊ आडव्या पट्ट्या आणि सुतळीने बांधलेली एक चिठ्ठी: 'ताईच्या मांडवासाठी.' तुझी ताई, म्हणजे माझी पत्नी, जाऊन त्या दिवशी एक्केचाळीस दिवस झाले होते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. मी माल परत पाठवणार होतो. परंतु चालकाने पावती पुढे केली, आणि पावतीवर तू तिचे नाव घातले होतेस. तिच्या नावाने आलेली वस्तू मी आजवर परत पाठवलेली नाही, म्हणून सही केली. एवढेच.

आता मुद्द्यावर येतो. अंत्यविधीच्या दिवशी, याच मागच्या अंगणात, अकरा माणसांसमोर तू म्हणालास, "भाऊजींनी तिला सावलीसुद्धा दिली नाही." मी त्या वेळी उत्तर दिले नाही. अशा प्रसंगी आवाज चढवणे मला असभ्य वाटते. तुला वाटत नाही, हे सर्वांनी पाहिले. ते उत्तर आज देत आहे.

गेल्या वर्षी औषधे सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी तिला ऊन वर्ज्य केले. घरात तिचा जीव घुसमटत असे. तिने एवढेच मागितले की अंगणात डोक्यावर काहीतरी असावे. दुकानदार त्याला पर्गोला म्हणत, ती मांडव म्हणे. दोन रविवारांचे काम होते. मी सव्वीस वर्षे तंत्रनिकेतनात धातुशास्त्र शिकवले आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारावा, हे माझे मत तर्काला धरून होते. तू सुतार. कपड्यांवरचा भुसा माझ्या बैठकीत झटकत तू माझा आराखडा पाहिलास आणि म्हणालास, "भाऊजी, ताईला तुरुंगात बसवताय की काय?" वाळवीला जेवायला बोलवायचे असेल तर खुशाल लाकूड लाव, असे मी म्हणालो. लाकूड श्वास घेते, असे तू सांगितलेस. मग त्याला दमाही होत असेल, असे मी म्हणालो. ती हसली. ती आपल्याच बाजूने हसली, असे आपणा दोघांनाही वाटले.

त्यानंतर तू नमुन्याचा ओंडका आणून ठेवलास, मी त्याच्या शेजारी नळीचा तुकडा ठेवला. एका दुपारी तिने नळीवर हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. मी खिडकीत होतो. पाहिले नाही, असे मी दाखवले. तुझ्या ओंडक्यालाही पावसाळ्यात बुरशी आली होती. तू येणार असलास की ती तो फडक्याने पुसून ठेवत असे. हे तुला ठाऊक नव्हते. आता असू दे.

असे चौदा महिने गेले. तू म्हणत होतास, भाऊजी नमले की आठवड्यात उभा करतो. मीही तेच म्हणत होतो, फक्त तुझ्याविषयी. ती लोखंडी खुर्ची घेऊन मागच्या भिंतीच्या सावलीत बसायची. ऊन चढे तशी सावली आखडे, आणि ती खुर्ची मागे ओढी: दहाला एकदा, साडेदहाला, पुन्हा अकराला. फरशीवर पायांचे ओरखडे आहेत. भिंतीला पाठ टेकली की ती आत येई. अखेरच्या दोन महिन्यांत खुर्ची हललीच नाही.

तुझ्या कामाविषयीही लिहिणे भाग आहे. खांबांची खालची टोके तू डांबराने माखली आहेस. म्हणजे ते जमिनीत पुरण्याचा तुझा विचार दिसतो. पाच पावसाळ्यांत ते मुळाशी कुजतील. इतक्या वर्षांच्या धंद्यानंतर हे मी तुला सांगावे, याची लाज तुला वाटली पाहिजे. चारही खांब मी मोजमापकाने तपासले. जाडीत केसाचाही फरक नाही. हे मान्य करणे मला आवडलेले नाही.

आणि एक गोष्ट तू सोयीस्करपणे विसरला आहेस, म्हणून आठवण देतो. त्या पहिल्याच दिवशी, आपली जुंपलेली असताना, ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "पायाला यांचे लोखंड घ्या आणि वर तुझे लाकूड. ओलही लागणार नाही आणि चटकाही बसणार नाही." तू म्हणालास, "ताई, तू चहा दे बघू." आणि मी, सव्वीस वर्षे हाच विषय शिकवलेला मनुष्य, म्हणालो की प्रश्न इतका सोपा नसतो. तो तितकाच सोपा होता. तिने चहा दिला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

काल मी कारखान्यातून लोखंडाच्या चार बैठका करून आणल्या, प्रत्येक तुझ्या खांबाच्या मापाची, आणि गवंड्याकडून काँक्रीटमध्ये बसवून घेतल्या. जागा मी ठरवलेल्या नाहीत. फरशीवरचे सगळे ओरखडे चारही बैठकांच्या आत येतील, एवढेच पाहिले. काँक्रीट मुरायला सात दिवस लागतात. पुढल्या रविवारी सकाळी आठ वाजता ये. करवत आण, डांबराचा भाग कापावा लागेल आणि तो मी कापणार नाही. माझ्याशी बोलण्याची आवश्यकता नाही. खांब धरायला मी असेन. आणि अकरा माणसांसमोर उच्चारलेले ते वाक्य मागे घेऊ नकोस. ते खरे होते. फक्त त्यात तू एका माणसाला वगळले होतेस.

तुझ्या ताईचाच,
भाऊजी