चार बोटं कमी खडी

वडील वन्सं छबूबाईंना सुभद्राचा वाकून नमस्कार. (वाकता येत न्हाई, समजून घ्या.) तुमचा खोकला कसा हाय? माझी तब्येत धडधाकट. बघायला घरात कुणी न्हाई, तर बिघडून तरी काय करू?

नवनाथनं आपल्या चाकणच्या घरावर खोली काढलीय. लेक स्वतः नोकरीपायी हिंजवडीला, राखणीला आई. मंगळवारी स्लॅबची खडी आली. आणणारा मोईज, दोन लेकरांचा बाप, बोलायला गोड. (म्हणून मी आधीच सावध.) स्टूल लावून गाडीत डोकावले तर खडी मागच्या फाळक्याच्या, म्हंजे फळीच्या काठाच्या, चार बोटं खाली! म्हटलं, वाटेत कुणाला वाढलीस? तो म्हणतो, आजी, क्रशरवरनं काठोकाठ भरली, रस्त्याच्या खड्ड्यांनी दणके बसून दबली. काट्याची पावती बघा, वजन तेवढंच हाय. म्हटलं, वजन तुझ्या सासूला सांग, आपलं ठरलंय ब्रासच्या मापावर, म्हंजे गाडीत किती जागा भरली त्यावर. रिकामी कर, पण माप पटेतो कुणी खडीला हात लावायचा न्हाई.

झालं. तो रोज सकाळी मला पटवायला यायला लागला. एकदा टेप लावून ढीग मोजला. एकदा माझ्याच बादलीत खडी भरून तीनदा आपटली, तर वर मूठभर जागा झाली. म्हटलं, बादली पसरली असेल. (बादली लोखंडी हाय.) गवंडी बसून, मोईज बसून, सगळ्यांना चहा. मला महिना पुरणारी साखर चार दिवसांत संपली. नवनाथचाही फोन आला, "आई, खडी का अडवलीस?" चांगला पाव तास ओरडला. दिवाळीलाही एवढा बोलला नव्हता.

उत्तर कागदावर धाडा. फोनवर तुम्ही घाईत असता.

तुमची भावजय,
सुभद्रा

ता. क. खडी बरोबर हाय, ते मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. चाळीस वर्षं पायलीनं बाजरी विकली. हलवलं की दाणा दबतो, म्हणून घेणारा पायली हलवतो, विकणारा हलवू देत न्हाई, हे मला मोईज काय शिकवणार?

आणखी एक. पत्र टाकायचं राहून गेलं, म्हणून वाढवते. परवा मोईज चहा न घेता दारातच उभा राहिला. माझ्या तक्रारीपायी गाडीच्या मालकानं त्याला गाडीवरनं उतरवलं म्हणे. मग मीच मालकाला फोन करून सांगितलं, माप पुरं हाय, चूक माझी. (हे नवनाथला कळता कामा नये.) काल स्लॅब टाकून झाला, गवंडी गेले. आज दाराशी कुणी आलं न्हाई. तर तुम्ही आळंदीहून चार दिवस राहायला या. तुमचं नि माझं कधी पटलं न्हाई, ते माहीत असूनच लिहितेय.